सेवा, उपदेश आणि नगरचा गरीब : अमेरिकन मराठी मिशनविषयीच्या वादाचा आढावा

परदेशातून आलेल्या मिशनऱ्यांनी इथल्या गरिबांसाठी शाळा काढल्या, दवाखाने चालवले, दुष्काळात धान्य वाटले. हे करताना त्यांच्या मनात काय होते, घेणाऱ्यांनी ते कशासाठी घेतले आणि त्यातून गरिबाच्या हाती शेवटी काय लागले, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. महाराष्ट्रात जवळपास दोनशे वर्षे चाललेल्या वादात ते एकमेकांत मिसळून जातात. हेतू धर्मांतराचा होता हे दाखवले की सेवा खोटी ठरली, असे एका बाजूला वाटते. सेवेचे फळ चांगले दिसले की हेतूची चौकशी नको, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्हीकडच्या लिखाणात शाळेत बसलेला महाराचा मुलगा किंवा दुष्काळात अनाथालयात आलेली मुलगी बहुधा पुरावा म्हणून येते. त्यांचे म्हणणे क्वचितच ऐकू येते.

या आढाव्यासाठी अमेरिकन मराठी मिशन निवडले आहे. अमेरिकेच्या दृष्टीने हे दूरदेशीचे काम होते आणि त्याचे केंद्र पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, झाले. या मिशनचे स्वतःचे मराठी नियतकालिक होते, त्याचे टीकाकार मराठीत लिहीत होते आणि त्यातून ख्रिस्ती झालेल्यांनीही मराठीतच लिहिले. एवढ्या बाजूंनी कागद उपलब्ध असलेली मिशने आपल्याकडे थोडी आहेत.

पार्श्वभूमी

१८०६ साली मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी परदेशी धर्मप्रसाराचा संकल्प सोडला. त्यातून १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था उभी राहिली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्या वेळी इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होते आणि या दोघांना परत पाठवण्याचे हुकूमही निघाले. गव्हर्नर नेपियन यांची सहानुभूती आणि त्याच वर्षी सनदेच्या कायद्याने मिशनऱ्यांना मिळालेली वाट, यामुळे ते राहू शकले. मिशनरी म्हणजे साम्राज्याचा हस्तक, हे समीकरण म्हणून इथे सरळ लागू होत नाही. तरी पुढची शंभराहून अधिक वर्षे हे काम ब्रिटिश सत्तेच्या छायेत, तिच्या कायद्याच्या आणि अनुदानांच्या आधाराने चालले, हेही तितकेच खरे.

मुंबईत त्यांनी छापखाना काढला, १८२४ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. छापखान्याचा परिणाम धर्मप्रसारापलीकडे गेला. मराठी मुद्रणाचा पाया घालणारे गणपत कृष्णाजी आणि ‘निर्णयसागर’चे जावजी दादाजी हे दोघेही अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकले. हॉल मात्र १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक भागात फिरत असताना पटकीने गेले. पहिल्या पिढीतले कितीतरी मिशनरी, त्यांच्या बायका आणि तान्ही मुले अशीच इथे पुरली गेली. टीका करतानाही ही किंमत नजरेआड करता येत नाही.

१८३१ च्या अखेरीस नगरला ठाणे पडले. जून १८४२ मध्ये हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादकत्वाखाली ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक निघाले. १८२७ मध्ये मुंबईला आलेल्या सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. अविवाहित स्त्रीला बोर्डाने परदेशी पाठवणे, हीच त्या काळी अमेरिकेत नवी गोष्ट होती.

मिशनऱ्यांची मूळ अपेक्षा अशी, की शिकलेला ब्राह्मण पटला म्हणजे बाकीचा समाज मागोमाग येईल. काही ब्राह्मण आले, पण मोठा ओघ आला तो खेड्यांतून, नेवासे-राहुरीच्या बाजूने आणि बहुतांश महारवाड्यांतून. मिशनने गरिबांची निवड केली, असे म्हणण्यापेक्षा गरिबांनी मिशनची निवड केली, हे अधिक बरोबर होईल. या उलट्या दिशेकडे वादात फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

शाळा की उपदेश?

पहिला मोठा वाद मिशनच्या घरातलाच होता. शाळा, दवाखाना, छापखाना ही साधने की साध्य? बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले आणि नगर-मुंबईच्या कामाची झडती घेऊन गेले. त्यांचे मत स्पष्ट होते. मिशनचे काम म्हणजे स्वतःच्या पायावर उभी, स्वतःचा पाळक असलेली, स्वतःचा खर्च भागवणारी देशी मंडळी निर्माण करणे. इंग्रजी शाळेत येणारे पोर नोकरीसाठी येते आणि शिकून आपल्याच माणसांपासून तुटते. त्यावर बोस्टनच्या वर्गणीदाराचा पैसा का घालायचा? या धोरणातून इंग्रजी शाळा बंद झाल्या. खेड्यांतल्या मराठी शाळा आणि फिरता उपदेश यांवर भर आला. मुंबईत जॉन विल्सन आणि कलकत्त्यात अलेक्झांडर डफ या स्कॉटिश मिशनऱ्यांचा मार्ग याच्या उलट होता. उच्च शिक्षणातून समाजाचे मन बदलेल, असे ते मानत.

अँडरसन यांच्या विचारात एक आदर होता. देशी मंडळी परदेशी पैशावर कायमची अवलंबून राहू नये, ही त्यांची तळमळ आजच्या स्वयंसेवी संस्थांनाही लागू पडेल अशी आहे. पण त्या निर्णयाचा भार कोणावर पडला हे पाहिले पाहिजे. ब्राह्मण मुलाला सरकारी इंग्रजी शाळा उघडी होती. महार ख्रिस्ती मुलाला ती नव्हती. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला आणि सरकारनेही शेवटी त्याच्या बाजूने उभे राहणे टाळले. अशा काळात मिशनने इंग्रजीचे दार लावून घेणे म्हणजे नोकरीचे दारही लावणे होते. पुढच्या काळात मिशन इंग्रजी शिक्षणाकडे परत वळले. नगरला सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून औद्योगिक शाळाही उभी राहिली. डेव्हिड चर्चिल या अभियंता मिशनऱ्याने तिथे सुधारित हातमाग बनवला, तो याच विचाराने, की बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला पोटाचा धंदाही हवा.

हा वाद तिथे संपला नाही. १९३२ मध्ये अमेरिकेतील सामान्य चर्च सभासदांच्या एका आयोगाने, तत्त्वज्ञ विल्यम हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखाली, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, चीन आणि जपानमधली मिशने पाहून अहवाल दिला. सेवेला उपदेशाची जोड असलीच पाहिजे असे नाही, सेवा स्वतःच पुरेशी आहे, असा त्याचा रोख होता. अमेरिकेतल्या अनेक मिशन मंडळांनी तो नाकारला. सेवेतून ख्रिस्ताचे नाव काढले तर मग आपण कशासाठी जायचे, असे त्यांचे उत्तर होते. ख्रिस्ती जगात हे दोन्ही सूर आजही ऐकू येतात.

दुष्काळाची वर्षे

सगळ्या वादाची सर्वांत नाजूक जागा दुष्काळ ही आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात बाप्तिस्मे वाढले. ‘पोटासाठी बाटले’ हा शिक्का तेव्हापासून नगरच्या ख्रिस्ती घरांवर बसला आणि त्याची टोचणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. इंग्लंडच्या एस.पी.जी. मिशनने याच दशकात जिल्ह्यात काम वाढवले आणि अमेरिकनांनी शिकवलेली माणसे ते आपल्याकडे ओढतात, अशी तक्रार झाली. पुढे कॅथलिक जेझुइट आले. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत आज जी गर्दी लोटते, तिची मुळे त्या कॅथलिक कामात आहेत. एकाच महारवाड्यासाठी तीन मिशने चढाओढ करू लागली, की महारवाड्याला निवड करण्याची थोडी ताकद मिळते. ही गोष्ट मिशनरी तक्रारीच्या सुरात नोंदवतात. मला ती त्या काळातल्या सर्वांत बोलक्या गोष्टींपैकी एक वाटते.

मिशनऱ्यांना या शिक्क्याची जाणीव नव्हती असे नाही. तेलुगू प्रदेशात ओंगोलचे बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लॉ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका भागाचे काम घेऊन दुष्काळग्रस्तांना मजुरी दिली आणि मदत चालू असेतो बाप्तिस्मा देणे थांबवले. मदत संपल्यावर जुलै १८७८ मध्ये एकाच दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. समर्थक म्हणतात, धान्य थांबल्यावर आलेली माणसे धान्यासाठी आली असे कसे म्हणता येईल? टीकाकार म्हणतात, संकटात जो उभा राहिला त्याच्याविषयीची कृतज्ञता हाही एक दबावच. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि कृतज्ञतेतून झालेली निवड मुक्त मानायची की नाही, हा प्रश्न आकडेवारीने सुटणारा नाही.

१८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळाने याहून कठीण प्रश्न उभा केला. अमेरिकेत ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने मोठी वर्गणी जमवली आणि ‘क्विटो’ हे मक्याने भरलेले जहाज न्यूयॉर्कहून मुंबईला आले. नगरचे रॉबर्ट ह्यूम वाटपाच्या कामात पुढे होते. त्याबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. वाटप जात-धर्म न पाहता झाले, हे टीकाकारांनीही फारसे नाकारलेले नाही. वाद झाला तो अनाथ मुलांवरून. आईबाप मेलेले किंवा हरवलेले मूल मिशनच्या अनाथालयात आले की ते ख्रिस्ती म्हणून वाढणार, हे ठरलेलेच होते. मोठ्या माणसाच्या बाबतीत निदान संमतीचा विचार करता येतो. पाच वर्षांच्या पोराची संमती कोण देणार?

यावर हिंदू समाजाकडून आलेले एक उत्तर कृतीचे होते. आर्य समाजाने, विशेषतः लाला लजपतराय यांनी, दुष्काळी प्रांतांतून अनाथ मुले गोळा करून आपल्या अनाथालयांत नेली आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे हा प्रश्न मांडला. आपल्याकडे प्रार्थना समाजाचा पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ पासून काम करत होता. तरी त्या वर्षांत जेवढी पोरे रस्त्यावर आली, तेवढ्यांना घेणारी देशी संस्था महाराष्ट्रात नव्हती. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि नंतर गुजरातेतून शेकडो मुली केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या. रमाबाई नसत्या तर यांतल्या कितीजणी जगल्या असत्या, हा प्रश्न मुक्ती मिशनच्या कडव्या टीकाकारालाही चुकवता येत नाही.

आक्षेपांची परंपरा

मिशनवरच्या आक्षेपांना मराठीत मोठा इतिहास आहे आणि त्याचे स्वरूप बदलत गेले आहे. सुरुवातीला तो तत्त्वाचा होता. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी विल्सन यांच्याशी वाद घालून हिंदू धर्माचे मंडन केले. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर चर्चा करत. या चर्चांचा वृत्तांत मिशनरी जॉर्ज बोवेन यांनीच पुस्तकरूपाने छापला. बरोबरीच्या माणसांनी घातलेला हा वाद होता. गरिबाचा प्रश्न त्यात जवळपास नव्हता.

शतकाच्या शेवटी आक्षेपाचा केंद्रबिंदू सेवेकडे सरकला. विधवांसाठीचे रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले, पुढच्या वर्षी पुण्याला आले. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे होती आणि धर्माच्या बाबतीत अलिप्त राहण्याचा शब्द दिलेला होता. सदनातल्या विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्यावर ‘केसरी’ने झोड उठवली आणि १८९३ मध्ये सल्लागारांनीही अंग काढून घेतले. रमाबाईंची बाजू अशी, की माझ्या खोलीचे दार उघडे आहे. मी कोणाला बोलावत नाही आणि आलेल्याला हाकलणार नाही. सुधारकांचे म्हणणे असे, की जिला जगात दुसरा आसरा नाही तिच्यासमोर उघडे दार हेही आमंत्रणच असते. सेवा आणि प्रभाव यांतली रेघ कुठे ओढायची, हा प्रश्न महाराष्ट्रात इतक्या नेमकेपणाने पुन्हा क्वचितच मांडला गेला असेल.

गांधीजींची भूमिका याच धाग्यावरची. मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांना त्यांचा विरोध नव्हता. सेवेला धर्मांतराचा हेतू चिकटवण्याला होता. माझ्या हाती सत्ता असती तर मी धर्मांतराचे काम थांबवले असते, या आशयाचे त्यांनी १९३५ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिले. स्वातंत्र्यानंतर आक्षेप राष्ट्राच्या भाषेत आला. विदर्भ ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता, त्या सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालाने परकीय पैसा, शाळा-इस्पितळांचा धर्मांतरासाठी वापर आणि राष्ट्रनिष्ठेचा प्रश्न एकत्र गुंफला. चर्चच्या बाजूने समितीची पद्धत आणि साक्षींची निवड एकांगी असल्याचे म्हटले गेले. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केलेले, धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा न्यायालयाचा अर्थ होता. त्या निकालावर घटनातज्ज्ञांत अजून मतभेद आहेत.

याच परंपरेत विठ्ठल रामजी शिंदे यांची वाट वेगळी आणि फार महत्त्वाची आहे. ऑक्सफर्डच्या युनिटेरियन कॉलेजात शिकून आलेल्या शिंद्यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यांसाठी जी संस्था काढली, तिचे इंग्रजी नावच ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ होते. मिशनची शिस्त आणि झोकून देण्याची वृत्ती घ्यायची आणि काम आपल्या भूमीवर, आपल्या धर्मात राहून उभे करायचे. विरोध करण्याइतकेच करून दाखवणे आवश्यक आहे, हे त्यांना कळले होते.

घेणाऱ्यांची बाजू

जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा नगरला फरारबाईंच्या शाळा पाहून मिळाली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. ‘ज्ञानोदया’त १८५३ मध्ये ते छापून आले. मिशनऱ्यांचे ऋण फुले मोकळेपणाने मानत. त्यांनी ख्रिस्ती धर्म मात्र स्वीकारला नाही. १८७३ मध्ये स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’ने दोन अंकांत छापला. ती मुलगी ख्रिस्ती नव्हती आणि शाळा मिशनची नव्हती. पण तिचा आवाज छापायला तयार असलेले पत्र मिशनचे होते. मिशनचा परिणाम मोजताना बाप्तिस्म्यांची नोंदवही पुरत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

खेड्यांत चित्र याहून साधे आणि कठीण होते. शाळा मिळावी म्हणून महारवाडे मिशनकडे अर्ज करत. मास्तर आला की तोच रविवारी उपासना घेई. ख्रिस्ती झालेल्या महाराने मेलेली गुरे ओढायची का, मांगाने देवळापुढे वाजवायचे का, बलुते मागायचे का, या प्रश्नांवर पाटील आणि मंडळी समोरासमोर येत. बाप्तिस्मा हा इथे अंतःकरणाचा विषय होताच. त्याबरोबर गावकीतल्या जागेचाही होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असू शकतात. त्यांतली एक खरी आणि दुसरी खोटी ठरवण्याचा हट्ट वादाला फार वर्षे खिळवून ठेवतो आहे.

बाबासाहेब आंबेडकरांचे विवेचन या संदर्भात सर्वांत काटेकोर आहे आणि तेच सर्वांत कमी वाचले जाते. ख्रिस्ती धर्म आणि अस्पृश्य या विषयावरचे त्यांचे इंग्रजी निबंध त्यांच्या मृत्यूनंतर महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. शिक्षण आणि वैद्यकसेवा यांतले मिशनऱ्यांचे काम ते मान्य करतात. मग विचारतात, हा पैसा कोणावर खर्च झाला? मिशनच्या मोठ्या कॉलेजांचा लाभ प्रामुख्याने सवर्ण हिंदूंनी घेतला. ख्रिस्ती झालेला अस्पृश्य मात्र खेड्यात अस्पृश्यच राहिला. ख्रिस्ती समाज त्याच्यासाठी राजकीय संघर्षाला उभा राहिला नाही आणि चर्चमध्येही जातीची बाके राहिली. मिशनने थोडे दिले ही त्यांची तक्रार आहेच. त्याहून जास्त, दिलेल्याने माणूस लढाऊ झाला नाही ही आहे. १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यावर ख्रिस्ती पुढारीही त्यांच्याकडे आले. १९५६ मध्ये आंबेडकरांनी बौद्ध धम्म घेतला.

मिशनच्या आतून

मिशनवरचे काही सखोल टीकाकार मिशनमध्येच होते. बोवेन १८४८ मध्ये मुंबईला आले आणि थोड्याच काळात त्यांनी मिशनचा पगार नाकारला. गरिबांच्या वस्तीत अत्यंत साधेपणाने राहून ते १८८८ पर्यंत काम करत राहिले. बंगल्यात राहणाऱ्या माणसाने झोपडीतल्या माणसाला समर्पण शिकवू नये, असे त्यांचे जगणेच सांगत होते. मिशनने त्यांचा आदर केला, अनुकरण केले नाही. ह्यूम यांच्यावर १८८६ च्या सुमारास बोर्डातच वादळ उठले. ख्रिस्ताचे नाव न ऐकता मेलेल्यांना मृत्यूनंतर संधी मिळू शकेल, या मताला त्यांनी वाव दिला होता. हिंदुस्थानात शेजाऱ्यांसोबत जगलेल्या माणसाला त्यांचे सगळे पूर्वज नरकात गेले असे म्हणणे कठीण गेले, ही गोष्ट मला माणुसकीची वाटते.

नारायण वामन टिळक फेब्रुवारी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नगरला राहिले. अभंग, भजन, कीर्तन यांतून त्यांनी ख्रिस्ती भक्तीला मराठी रूप दिले. कीर्तनाची वाट नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी आधीच पाडली होती. गोऱ्या मिशनऱ्याच्या हाताखाली, त्याच्या पगारावर आणि त्याच्या समितीच्या मर्जीवर चालणारी मंडळी खरी भारतीय होणार नाही, हे टिळकांचे मत वर्षागणिक पक्के होत गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि प्रयोग फारसा रुजला नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रां’त मिशनच्या आवारातले रोजचे जग, तिथली मदत, तिथला मानापमान आणि स्वतःचे सोवळे हळूहळू सुटण्याची प्रक्रिया आहे. अभ्यासकांनी हे पुस्तक वाङ्मय म्हणून पुष्कळ वाचले. मिशनच्या इतिहासाचे साधन म्हणून ते अजून पुरते वापरले गेलेले नाही.

संशोधन कुठवर आले?

धर्मांतराच्या कारणांचा पहिला मोठा सर्व्हे वॅस्कम पिकेट यांनी केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्मिक ओढ, सामाजिक प्रतिष्ठा, नातेसंबंध, ऐहिक मदत अशी कारणे त्यांनी वेगळी केली. येताना हेतू काय होता यापेक्षा आल्यावर शिकवण आणि सांभाळ कसा झाला यावर पुढचे ख्रिस्ती जीवन अधिक अवलंबून राहिले, असे त्यांना आढळले. पिकेट स्वतः मिशनरी होते, हे लक्षात ठेवूनच हा निष्कर्ष वाचावा लागतो.

नंतर जॉन वेब्स्टर यांनी दलित ख्रिस्ती इतिहास लिहिताना चालना दलितांकडून आली, मिशन मागाहून गेले, अशी मांडणी केली. फिलिप कॉन्स्टेबल यांनी पश्चिम भारतातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणासाठीच्या झगड्यावर काम करताना मिशन शाळा आणि दलित चळवळ यांचे धागे दाखवले. गंगाधर मोरजे यांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा शोध घेऊन एक विस्मृत दालन उघडले. समाजशास्त्राच्या बाजूने रॉबर्ट वुडबेरी यांनी २०१२ मध्ये जगभरची आकडेवारी मांडून असे प्रतिपादन केले, की जिथे प्रॉटेस्टंट मिशनरी जास्त होते तिथे साक्षरता, मुद्रण आणि पुढे लोकशाही अधिक रुजली. हा लेख फार गाजला. तेच आकडे पुन्हा तपासून लोकशाहीचा संबंध टिकत नाही, असे म्हणणारे संशोधनही नंतर आले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर छपाई आणि मुलींचे शिक्षण यांवरचा परिणाम मान्य करायला जागतिक आकडेवारीची गरज नाही. तो नावानिशी दाखवता येतो. त्यापुढे उडी मारताना मात्र सावध राहिले पाहिजे.

या सगळ्याला एक मोठी मर्यादा आहे. अमेरिकन बोर्डाचे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात नीट लावलेले आहेत. ते कागद बहुतांश मिशनऱ्यांनी बोर्डाला पाठवलेल्या पत्रांचे आणि अहवालांचे आहेत आणि यश सांगणे ही अशा अहवालांची गरज असते. घरोघर फिरून बायकांना वाचायला शिकवणाऱ्या ख्रिस्ती मराठी स्त्रिया, गावोगावचे मास्तर आणि उपदेशक यांच्याच खांद्यावर काम उभे होते. त्यांचा उल्लेख त्यांत बहुधा एखाद्या ओळीचा असतो, कित्येकदा नावाशिवाय.

अनुत्तरित प्रश्न

पहिला प्रश्न संस्थांचा. मिरजेला विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले प्रेस्बिटेरियन मिशनचे इस्पितळ एकेकाळी साऱ्या दक्षिण महाराष्ट्राचा आधार होते. परदेशी पैसा आणि परदेशी डॉक्टर गेल्यावर गरिबांसाठीचे इस्पितळ कशावर चालवायचे, याचे उत्तर अशा बहुतेक संस्थांना सापडलेले नाही. नगरला भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये काढलेले अहमदनगर कॉलेज हे देशी ख्रिस्ती नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या संस्थेचे उदाहरण आहे. दोन्हींचा शेजारी ठेवून अभ्यास झाला तर अँडरसन यांच्या जुन्या प्रश्नावर प्रकाश पडेल.

दुसरा कायद्याचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने ही अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. एका बाजूचे म्हणणे, ख्रिस्ती धर्मात जात नाही तर जातीची सवलत कशी? दुसऱ्या बाजूचे म्हणणे, गावाने जात सोडलेली नाही आणि चर्चनेही पुरती सोडलेली नाही. दोन्ही बाजू आंबेडकरांचाच आधार घेतात.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नगर जिल्ह्यात अशी गावे आहेत जिथे एकाच महारवाड्यातली काही घरे १८७० च्या दशकात ख्रिस्ती झाली आणि बाकीची १९५६ नंतर बौद्ध. आडनावे एक, भावकी एक, जमिनीचा तुकडा शेजारी. दोन्ही घरांतल्या पहिल्या शिकलेल्या बाईचे नाव, तिच्या शाळेचे ठिकाण, तिच्या मुलांची नोकरी, गावातल्या पाणवठ्यावरची जागा, लग्नसंबंध, जमीन टिकली की गेली, हे सगळे घरटी विचारून नोंदवता येण्यासारखे आहे. सेवेने काय दिले आणि धर्मांतराने काय दिले, हे वेगळे करून पाहण्याची इतकी चांगली संधी क्वचित मिळते. त्या घरांतली जुनी माणसे अजून सांगू शकतात, तोवर ती नोंद व्हायला हवी.